एका हाताने टाळी? बरणीतल्या एकट्या गोगलगायीला पिल्लं झाली

कृष्णाकाठची

माशांच्या टाकीत लावायला व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची जुडी आणली आणि तिच्याबरोबर गोगलगायी फुकट आल्या. टाकी असलेल्या प्रत्येक घरी हे होतं, त्याची तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे.

भाचा सुट्टीला आला होता. त्याने त्यातली एक, अगदी मोहरीएवढी असताना, चमच्याने उचलून लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत टाकली. तेव्हापासून ती तिथे एकटीच आहे. आत दुसरं कोणी गेलेलं नाही हे मी छातीठोकपणे सांगते, कारण पाणी मी बदलते आणि उकडलेल्या पालकाचं पानही मीच टाकते. ती चांगली वाढली. टाकीतल्या तिच्या बरोबरीच्या केव्हाच अंडी घालायला लागल्या होत्या, ही मात्र नुसती काचेवरून फिरत होती. मग एके दिवशी काचेला आतून जेलीची पारदर्शक वळकटी चिकटलेली दिसली, आत टिंबं टिंबं.

भाचा फोनवर म्हणाला, "आत्या, हिचा नवरा कुठाय?" मी म्हटलं, अरे त्या उभयलिंगी असतात, नर-मादी एकातच. त्यावर तो म्हणतो, "मग टाकीतल्या एकमेकींच्या पाठीवर का चढतात? एकटीनं भागतंय तर कशाला एवढी खटपट?" माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं असं की बरणीतली निम्मी-अधिक अंडी पांढुरकी पडून तशीच राहिली. जी पिल्लं निघाली त्यांतलीही बरीच गेली. टाकीतल्या अंड्यांतून मात्र पिल्लांचा सडा पडतो. जवळच्या नात्यात लग्नं केल्यावर होतो तसला काही प्रकार आहे का हा?

गोगलगाय तपकिरी, टोकदार, अंगावर पिवळसर ठिपके.

टाकीवाला पुणे ३०

ताई, आधी पाणी बघा, मग नातीगोती. लहान बरणीत अमोनिया चढायला वेळ लागत नाही. पालक कुजला की संपलं. माशांना बुरशीचं औषध घातलंय का? त्यात कधीकधी तांबं असतं, आणि तांबं म्हणजे गोगलगायींचं विष. शिवाय पाणी मऊ असेल तर शंखाला चुना मिळत नाही. दुकानात बसून इतकी वर्षं बघतोय, पिल्लं मेली की लोक भलतीच कारणं शोधतात.

आणि एकटीने पिल्लं घालणं नवीन नाही. वाळूत राहणाऱ्या त्या लांबट ट्रम्पेट गोगलगायी घ्या, एक टाकली की काही महिन्यांत वाळूभर. त्यांची पिल्लं काही मरत नाहीत.

कृष्णाकाठची

पाणी टाकीतलंच वापरते दादा, औषध कुठलंही नाही. पान दुसऱ्या दिवशी काढून टाकते.

शंखिनी

ताई, तुम्ही "नुसती काचेवरून फिरत होती" असं लिहिलंय ना, या धाग्यातली सगळ्यात मोलाची नोंद तीच. तिच्याकडे नंतर येते.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. टी.वाय.च्या प्रकल्पांसाठी आमच्या प्रयोगशाळेतल्या मागच्या मांडणीवर या गोगलगायींचे डबे कायम असतात. शिपाईमामा त्यांना "मॅडमची गुरं" म्हणतात. तेव्हा थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी ओळख पटवा. शंखाचं टोक वर आणि तोंड तुमच्याकडे असा धरा. तोंड डाव्या हाताला आलं, तोंडावर झाकण नाही आणि शिंगं दोऱ्यासारखी बारीक असली, तर ती फायसा अ‍ॅक्युटा. बाजारातल्या वनस्पतींबरोबर येणारी बहुतेक वेळा हीच असते. तोंड उजवीकडे आणि शिंगं त्रिकोणी असतील तर लिम्निया कुळातली, आणि मग खालचे आकडे तिला लावू नका.

टाकीवाले दादा, ट्रम्पेटचं उदाहरण इथे गैरलागू आहे. मेलानॉइडिसमध्ये, म्हणजे तुमच्या ट्रम्पेटमध्ये, शुक्राणूचा संबंधच येत नाही. फलनाशिवाय पिल्लू तयार होतं, ते आईची नक्कल असतं, आणि ती अंडी न घालता थेट पिल्लंच देते. आईचं भागलं म्हणजे पिल्लाचंही भागतं. फायसाची गोष्ट निराळी. तिच्या अंगात एकच ग्रंथी अंडी आणि शुक्राणू दोन्ही बनवते, आणि एकटी पडली तर ती आपल्याच शुक्राणूंनी आपलीच अंडी फळवते. यात जनुकांची फोड आणि पुन्हा वाटणी रीतसर होते, फक्त दोन्ही वाटे एकाच घरचे. पिल्लू आईची नक्कल नसतं, आणि घोळ तिथेच आहे.

प्रत्येक जीव जनुकांच्या काही खराब प्रती बाळगून असतो. त्या बहुतेक अप्रभावी, म्हणजे जोडीला चांगली प्रत असली की गप्प बसतात. परक्याशी संबंध आला तर त्याची खराबी वेगळ्या जागी असते, त्यामुळे झाकलं जातं. स्वफलनात मात्र आईच्या अशा प्रत्येक जोडीमागे चारातल्या एका पिल्लाला दोन्ही प्रती खराब मिळतात. अशा जोड्या पुष्कळ असल्या तर एकाचा गर्भ थांबतो, दुसऱ्याची वाढ खुंटते, तिसरं अंडीच कमी घालतं. याला इनब्रीडिंग डिप्रेशन म्हणतात. मोजायचंही सोपं: स्वफलनाची पिल्लं परफलनाच्या पिल्लांच्या तुलनेत किती मागे पडली, तेवढं. फायसात अंड्यापासून पुढच्या पिढीच्या अंड्यांपर्यंत पुरा हिशोब केला तर हा तोटा निम्म्यापेक्षा बराच जास्त भरतो.

हा "निम्मा" महत्त्वाचा आहे, आणि भाच्याचं उत्तर त्यातच आहे. जनुकशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९४१ साली दाखवलं की जनुकांच्या नफ्यातोट्यात स्वफलन खरं तर फायद्याचं. परक्याबरोबर अंडं फळवलं तर त्यात तुमचा एक वाटा, स्वतःच फळवलं तर दोन. वर तुमचे शुक्राणू इतरांची अंडी फळवायला मोकळेच. म्हणजे परफलनवालीचे दोन वाटे, तर स्वफलनवालीचे तीन. तेव्हा भाच्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे, एकटीनं भागतंय तर खटपट कशाला? खटपट एवढ्यासाठी की स्वतःची पिल्लं निम्म्याहून जास्त वाया जात असतील तर तो जादा वाटा मातीमोल. फायसा त्याच बाजूला बसते, म्हणून ती जोडीदार शोधते.

पाठीवर चढते ती त्या वेळची नर. वरून सरकत ती खालचीच्या शंखाच्या तोंडापाशी येते. खालचीला नको असेल तर ती शंख गरागरा हलवते, वरचीला पाडायला बघते, कधी चावतेसुद्धा. भिंग घेऊन बसा, घरच्या मालिकेपेक्षा बरं असतं. नंतर बऱ्याचदा अदलाबदल होते.

आता "नुसती फिरत होती". फायसा एकटी ठेवली तर ती वयात येऊनही अंडी घालायचं लांबवते, साधारण दोन आठवडे. त्या काळात शरीर वाढवते आणि वाट बघते. कोणी आलंच नाही तर मग स्वतःवर भागवते. फ्रान्समध्ये माँपेलिएच्या पात्रिस दाव्हिद आणि फिलिप जार्न यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय, आणि २००३ साली तिथूनच या थांबण्याचं गणितही मांडलं गेलं: जोडीदार मिळण्याची आशा किती, आणि थांबता थांबता मरण्याचा धोका किती, यावर किती थांबायचं ते ठरतं. तुमच्या बरणीत तुम्हाला ते नुसत्या डोळ्यांनी दिसलं.

आणखी एक. प्रौढ गोगलगाय वेगळी काढून अंडी मिळाली, तर त्याला स्वफलन म्हणता येत नाही. ती आधीच्या जोडीदाराचे शुक्राणू बरेच आठवडे साठवून ठेवते. तुमच्या भाच्याने ती मोहरीएवढी असतानाच उचलली, म्हणून तुमचा दाखला पक्का. पोरगं कळत नकळत शहाणं निघालं.

बाप कोण हे ठरवायची जुनी युक्ती मला फार आवडते. १९५०च्या दशकात ब्राझीलमध्ये लोबाटो पाराएन्से यांनी बायोम्फॅलेरियाच्या रंगहीन, पांढऱ्या गोगलगायी घेतल्या. हा पांढरेपणा अप्रभावी. पांढरी एकटी ठेवली की पिल्लं पांढरी. तिला काळपट जोडीदार दिला की पिल्लं काळपट व्हायला लागतात, म्हणजे स्वतःचे शुक्राणू अंगात असताना ती परक्याचे वापरते. जोडीदार काढून घेतला की काही काळ साठ्यावर चालतं, मग हळूहळू पुन्हा पांढरी. ना यंत्र ना रसायन, नुसता पिल्लांचा रंग बघायचा.

एवढा पैसा गोगलगायींच्या लग्नावर कोणी का खर्च केला, असं मुलं विचारतात. बायोम्फॅलेरिया आणि बुलिनस या गोगलगायी शिस्टोसोमियासिस या माणसाला होणाऱ्या जंतरोगाच्या परोपजीवीच्या यजमान आहेत. कोरड्या पडलेल्या डबक्यात एकच जिवंत उरली आणि तिने एकटीने वस्ती उभी केली, तर रोग परत येतो. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली असे रुग्ण नोंदले गेले होते, तिथे संशय फेरिसिया नावाच्या नखाएवढ्याही नसलेल्या उभयलिंगी गोगलगायीवर होता.

बुलिनस ट्रंकेटसची तर कमाल आहे. तिच्या कित्येक वस्त्यांत बहुतेकींना शिश्नच नसतं. दुसरीला शुक्राणू देता येत नाहीत, तरी स्वफलन बिनबोभाट चालतं आणि पिल्लं ठणठणीत. म्हणजे "स्वफलन केलं की पिल्लं खालावतात" हा सरसकट नियम नाही. ज्या वंशात पिढ्यान्पिढ्या स्वफलनच चालत आलं, तिथे जास्त घातक प्रती दोन्हीकडून उघड्या पडून केव्हाच मेलेल्या असतात. माँपेलिएच्या गटाने २०१६ साली हे फायसात करून दाखवलं. काही वंशांना वारंवार जोडीदाराविना ठेवलं, आणि साधारण २० पिढ्यांत त्यांचं थांबणं कमी झालं, पिल्लांची खालावणीही बरीचशी गेली. पण हे फुकट नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की असे वंश नव्या निवडीला नीट दाद देत नाहीत. शंखाचा आकार बदलायचा म्हणून निवड केली तर परफलनवाले भराभर बदलले, स्वफलनवाले मागे राहिले. प्रत्येक स्वफलनाला उरलेली विविधता निम्मी होते, पाच पिढ्यांत ३ टक्क्यांवर येते. बदलायला भांडवलच नाही उरत.

(जाता जाता: २०२२ साली फ्रान्समध्येच अशा फायसा सापडल्या ज्यांच्या मायटोकाँड्रियामुळे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागामुळे, नराची बाजूच बंद पडते. अंडी घालतात, पण एकटी ठेवली तर स्वफलन नाही. वनस्पतींत हे जुनं आहे, कांद्याचं संकरित बी त्यावरच निघतं. प्राण्यांत हा पहिला दाखला.)

आता टाकीवाले दादांचा आक्षेप. तो मला अगदी रास्त वाटतो. बरणी आणि टाकी यांची तुलनाच होत नाही. टाकीत शेकडो अंडी पडतात, मेलेली अंडी-पिल्लं मासे आणि इतर गोगलगायी खाऊन साफ करतात, आपल्याला फक्त जगलेली दिसतात. तेव्हा ताईंची पिल्लं इनब्रीडिंगने गेली असं मी आज म्हणणार नाही. पण तपासता येईल.

बरणीतली पिल्लं नकोत, ती आधीच एक पिढी आतली. टाकीतल्या अंड्यांची एक वळकटी काढा. पिल्लं तांदळाच्या कणीएवढी असतानाच एकेका ग्लासात वेगळी करा. सगळ्या ग्लासांत टाकीचंच पाणी, तितकाच पालक, एकाच खिडकीत. वयात येताना निम्म्यांना एकेक रात्र परका जोडीदार द्या आणि सकाळी काढून घ्या. जोडीने कायम ठेवू नका, कारण दोघांत खाणं वाटलं जाऊन वाढ घटते आणि एकटी उगाच सरस दिसते. मग प्रत्येकीची पहिल्या अंड्याची तारीख आणि उबलेली पिल्लं लिहा. गर्भ कुठे थांबला ते भिंगाखाली कळतं: जिवंत गर्भ कवचात सावकाश गोल गोल फिरतो, पुढे शंख दिसू लागतो आणि आत हृदयाची धडधडही दिसते. मेलेला नुसता पांढुरका ठिपका होऊन बसतो. दोन्हीकडे सारखेच मेले तर पाण्याचा दोष, दादा जिंकले.

टाकीवाला पुणे ३०

हे पटलं. ग्लासांवर जाळी बांधा फक्त, फायसा रात्रीत बाहेर येते आणि सकाळी फरशीवर कडक झालेली सापडते.

औशाचा शेतकरी

विषय मत्स्यपालनाचा आहे, पण आमचं दुखणं त्यातलंच म्हणून घुसतो. २०२२ ला शंखी गोगलगायीने लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीन उगवल्या उगवल्या खाल्लं. दुबार पेरणी झाली. तेव्हापासून ग्रुपवर फिरतंय की एक जरी राहिली तरी एकटीच अंडी घालून शेत भरती. खरं आहे का? आणि खरं असलं तर मॅडम म्हणतात तशी चार-सहा पिढ्यांत खालावून संपायला नको का? आमच्यात कालवडीला बापाचीच कांडी पडू नये म्हणून वळूचा नंबर लिहून ठेवतात. हिला कोण लिहून ठेवतंय, तरी दरसाल जोरात.

शंखिनी

दादा, घुसलात ते बरं केलंत. ही आफ्रिकी शंखी गोगलगाय उभयलिंगी असली तरी तिची रीत फायसासारखी नाही. ती आधी शुक्राणू बनवते, अंडी वय वाढल्यावर. फळणारी अंडी हवी असतील तर तिला व्यवहारात जोडीदार लागतो. पण एकदा संग झाला की शुक्राणू कित्येक महिने पोटात जपते. तेव्हा ग्रुपवरचं कारण चूक, पण भीती खरी: एक उरलेली, पण आधी फळलेली असली, तर पुरते. अंडी एका खेपेला शे-दोनशे, कधी त्याहून जास्त.

फार थोड्यांवर किती पसारा होतो ते बघा. विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने १८४७ साली मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या बागेत सोडल्या गेल्या. भारतातला हिचा इतिहास तिथून सुरू होतो. अमेरिकेत १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन आणल्या, आजीने मायामीच्या बागेत सोडल्या. सात वर्षांत १८,००० हून जास्त निघाल्या, त्या निपटायला दहा लाख डॉलर लागले.

तुमचा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. हिच्यात वैविध्य खरंच तुटपुंजं आहे, जगभर पसरलेल्या वस्त्या एकमेकींच्या जवळच्या निघतात. तरी संपत नाही, कारण दोनशेतली दीडशे पिल्लं अशक्त निघून मेली तरी उरलेली पन्नास तुमच्या सोयाबीनला पुरतात. गाईला वर्षाला एक वासरू, म्हणून तिथे नंबर लिहावा लागतो. हिच्यात अशक्त आपोआप गळतात आणि तुमच्या नजरेला फक्त धडधाकट पडतात. ती खालावून संपेल या आशेवर राहू नका.

त्यापेक्षा अंडी धरा. पहिल्या पावसानंतर बांधाच्या कडेला, पालापाचोळ्याखाली, भुसभुशीत मातीत साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी पुंजक्याने सापडतात. ती चिरडा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर टाका, पहाटे त्याखाली गोळा झालेल्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. उघड्या हाताने उचलू नका, हिच्यातून उंदरांचा एक जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. आणि हे एकट्याच्या शेतात करून उपयोग नाही, शेजारच्या बांधालाही हाक मारा.

औशाचा शेतकरी

शेजारच्याला हाक मारणं हेच अवघड काम आहे मॅडम. बघतो.

कृष्णाकाठची

ग्लास मांडले! सासूबाई म्हणताहेत पाहुणे आले तर पाणी कशातून द्यायचं. दोन शंका. मिरजेच्या मैत्रिणीच्या टाकीतल्या जोडीदार म्हणून चालतील का, तिनेही त्याच दुकानातून झुडुपं आणलीत. आणि रात्री सोबत ठेवल्यावर सकाळी कोणती कोणाची हे कसं ओळखायचं?

शंखिनी

त्याच दुकानाच्या असतील तर नकोत, सख्ख्या बहिणी निघायच्या. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या दुकानाच्या घ्या. गावतळ्यातून किंवा भातखाचरातून मात्र आणू नका, तिथल्या इंडोप्लॅनॉर्बिस नावाच्या चपट्या गोगलगायींमधून हातापायाला खाज आणणाऱ्या अळ्या निघतात.

खुणेला नेलपॉलिश. शंख टिपकागदाने कोरडा करा, तोंडापासून लांब, वरच्या वेटोळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्या आणि पूर्ण वाळला की मगच पाण्यात सोडा. जोडीदाराला लाल, तुमच्यांना काही नाही.

प्रयोग झाल्यावर उरलेल्या कृष्णेत सोडू नका, गटारातही नाही. फायसाचं वर्णन १८०५ साली फ्रान्समधल्या नमुन्यांवरून झालं म्हणून ती युरोपची समजली जायची, पण मूळची ती उत्तर अमेरिकेची, आणि जगभर पसरली ती अशीच, कोणाच्या तरी टाकीतून. गरम पाण्यात टाकून मग कुंडीत पुरा.